देवापुढचे जोडे

रिसाली, भिलाई
मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. हर्षा,

तुले अन् बाळीले आजीचे आशीर्वाद. तुझ्या आईबाबाले नमस्कार सांगजो. इकडे आम्ही दोघंही ठीक आहो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. किती ठीक आहो ते पुढं वाचशील.

फोन असून आजी कागद कावून लिहून राहिली, असं तुले वाटन. फोन आहे, पण तो तुझ्या भूपेंद्रच्या खिशात. तुझा फोन आला का तो स्पीकर चालू करून माझ्या तोंडापुढे धरते अन् माझ्याकडे पाहत राहते. अशात माणूस 'हो हो, बरं आहे' याच्यापुढं काय बोलन. बाजूची नलू परवा तुमच्या आमगावले भावाकडे जाऊन राहिली. तिच्या हाती पाठवते. पाकीट चिकटवलं आहे. फाटलेलं दिसलं तर मले सांगजो, तिची खबर घेईन.

बाळीचा फोटो पाहिला. नाक आपल्या घरचं आहे, त्याले आता इलाज नाही. तुझी आई तिच्या डोळ्यात काजळ घालते ते बंद करा म्हणा, कपाळाले लावा पाहिजे तेवढं. तू डिंकाचे लाडू खाजो. आवडत नाहीत म्हणून भावाले वाटू नको, त्याचं बाळंतपण झालं नाही.

इथं मैदानात देवी बसली. भोंगा माझ्याच खिडकीकडे तोंड करून बांधला आहे. देवीले चांगलं ऐकू येते, बुढीलेच कमी येते, असं त्या मंडळवाल्याइले वाटते.

आता मुद्द्याचं. परवा तुझे बाबा फोनवर म्हणाले, दसऱ्याले हर्षाले घेऊन येतो, अन् जावयाची फॅक्टरी पाहून जातो. भूपेंद्र म्हणाला, या ना बाबा, गेटवर चहा पाजतो. अन् फोन ठेवून मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसला.

पोरी, भूपेंद्र त्या फॅक्टरीत नाही. विश्वकर्मा पूजा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नाही. तीन आठवडे होत आले.

सकाळी आठ वाजता तो युनिफॉर्म घालते. मी डबा भरते. तो स्कूटर काढते, मी दारात उभी राहते, शेजारच्या सिंधुताईले ऐकू जाईन असं 'हळू जाजो' म्हणते. संध्याकाळी डबा रिकामा येते. मी विचारत नाही, तो सांगत नाही. भाजीत मीठ कमी होतं का, एवढंच बोलणं. तुले त्यानं फोनवर ड्यूटी मस्त चालू आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मागून 'बिचारा दमून येते' म्हणणारी मीच. म्हणजे अर्धं खोटं माझ्याही नावावर टाक.

मालकाचं म्हणणं असं का आमाले फसवलं. पायाचं आधी सांगितलं नाही. उद्या गेटवर ट्रकखाली आला तर विमा कोण देईन, आमालेच कोर्टात उभं करतील. हे त्यानं हात जोडून सांगितलं म्हणे. हात जोडून काढलं का माणसाले भांडताही येत नाही.

फसवलं हे खरं आहे. पण फसवायची अक्कल भूपेंद्रची नाही.

तू इथं होती तेव्हा गेटच्या नोकरीसाठी चार ठिकाणी जाऊन आला तो. खरं सांगून गेला सगळीकडे. पहाडात फौजेची गाडी घसरली, डावा पाय गुडघ्याखाली गेला. लोकायले बॉम्ब पाहिजे असते. गाडी घसरली म्हटलं का त्याइचं तोंड उतरते. एकानं त्याले चहा पाजला अन् सलाम ठोकून परत पाठवलं. दुसरा म्हणाला, आपकी जगह गेट पर नहीं, हमारे दिल में है. तुले आठवत असन, त्या दिवशी तो जेवला नव्हता. पेन्शन येते, पोट भरते. पण सकाळी उठून कुठं जायचं ते पेन्शन सांगत नाही.

पाचव्या ठिकाणी जायच्या आधी मी त्याले म्हटलं, विचारलं नाही तर सांगायचं कावून. पॅन्ट लांब आहे, चाल बरी आहे, कोणी म्हटलं तर गुडघ्याले मार आहे म्हणजो. तो म्हणाला, आजी, हे बरोबर नाही. मी म्हटलं, बरोबर करून चार गेटं पाहिले, आता चूक करून पाह्य. तू तेव्हा आत कपडे घडी करत होती. तुले ऐकू आलं असन तरी तू बोलली नाही, अन् त्याचा मी कधी हिशेब मागितला नाही.

अन् लागली ना नोकरी. पाच महिने उभ्यानं केली. मी रोज त्याच्या कापलेल्या पायाचा ठुंठा पाह्यची. घामानं चामडी सोलायची, मी जुन्या बनियानचे मोजे शिवून द्यायची, पावडर लावून द्यायची. पण घरात शिट्टी वाजवत यायचा. गेटवर ट्रकवाल्यांचं भांडण नाही, लाईन सरळ. मालक म्हणे, फौजी आल्यापासून सडकेवरचा गोंधळ बंद झाला.

मग पूजेत ते उघडं पडलं.

असं लिहिलं तर वाटते का ते आपोआपच पडलं. काल मी एवढंच लिहून एक कागद पुरा केला होता. सकाळी वाचला अन् फाडला. चौथीपर्यंत शिकली मी, पण खोटं लिहिलेलं ओळखाले चौथी पुरते.

तर नीट सांगते. सतरा सप्टेंबरले हथखोजच्या त्या फॅक्टरीत घरच्या लोकायले बोलावलं होतं. तू नव्हती, म्हणून मी गेली, नवी साडी नेसून. मशीन धुवून पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ज्यानं त्यानं आपलं हत्यार मांडलं होतं, वेल्डरनं होल्डर, फिटरनं पाने. भूपेंद्रनं गेटची शिट्टी अन् टॉर्च मांडली. मालकाची माय गादीवर बसली होती, माझ्याच वयाची, पण अंगानं माझ्या दुप्पट. सगळे लोक अनवाणी. भूपेंद्र गेटवरच उभा होता, ड्यूटी सोडता येत नाही म्हणून. तो हुशारीनं लांब राहिला होता.

मालकानं काय करावं. म्हणाला, या वर्षीची आरती आपला फौजी करन. माणूस पाठवून त्याले आत आणलं. सत्तर-ऐंशी लोक. तो रांगोळीच्या कडेले येऊन थांबला, जोडे घालून. म्हणाला, साहेब, दुसऱ्या कोणाले सांगा. मालक म्हणाला, लाजतो काय. मागून सुपरवायझर बोलला, जूते उतारो भाई. तो हलला नाही. लोक कुजबुजू लागले. नकली पायातला जोडा उभ्यानं निघत नाही हे मले माहीत, त्याले माहीत. तिसरं कोणी नाही.

तो निभावून नेत होता. एक पाऊल मागं सरकला होता, गेटवर गाडी आली म्हणून सांगत होता. अजून एक मिनिट गेलं असतं तर सुटला असता.

तेवढ्यात ती गादीवरची बुढी माझ्याकडे वळली. म्हणाली, "भगवान के सामने जूते? दादी ने यही सिखाया?"

आता तू आपलं दार आठव. दाराजवळ स्टूल आहे. पाय कापून घरी आला त्या दिवसापासून तो त्या स्टुलावर बसते, आधी नकली पाय सोडते, मग कुबड्या घेऊन आत येते. कावून? तर माझ्या घरात जोडा आत येत नाही म्हणून. तू एकदा म्हणाली होती, आजी, एवढं कशाले. मी तुलेच बोलली होती. तीन वर्षं त्यानं एक दिवस चुकवला नाही. अन् ही बाई मले विचारते का मी काय शिकवलं.

माझं डोकं फिरलं. मी उठली, भरल्या लोकात त्याच्याजवळ गेली अन् म्हटलं, "जूता निकालने को पाँव तो लगता है." अन् खाली बसून त्याची पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली.

त्यानं माझा हात धरला नाही. सरळ उभा राहिला, तिथं फौजेत राहतात तसा.

मग टाळ्या वाजल्या. पहिली कोणी वाजवली माहीत नाही. बुढी रडली, मालकानं त्याले मिठी मारली, जोड्यासकट आरती करायले लावली. लोक मोबाईल काढून फोटो घेऊन राहिले होते, अर्धे तोंडाचे, अर्धे पायाचे. मी तिथं मान वर करून उभी होती. मले वाटलं, जिंकली. बुंदीचे दोन पुडे जास्त दिले त्याइनं, ते मी घेतले.

स्कूटरवर आम्ही हथखोजहून घरी आलो. स्टुलावर बसून पट्टा सोडता सोडता तो म्हणाला, "आजी, टाळ्या ऐकल्या ना? आता घरी बसायचं."

दुसऱ्या दिवशी तेच झालं.

लोकायले मी सांगितलं असतं का नातवाची इज्जत वाचवाले बोलली. सिंधुताईले तसंच सांगितलं. तुले खरं लिहिते. त्याची इज्जत शाबूत होती, तो मागं सरकून राहिला होता. मी माझ्यासाठी बोलली. त्या बुढीनं मले बोललं ते मले सहन झालं नाही, अन् तिच्या तोंडावर मारायले मी त्याचा पाय वापरला. लपवायले मीच शिकवलं, उघडा मीच केला.

अजून एक आहे. मागच्या शनिवारी मी देवीले जाते सांगून ऑटोनं हथखोजले गेली. डबा घेऊन तो कुठं जाते ते पाहायचं होतं. बागेत बसत असन असं वाटलं होतं. तसं असतं तर बरं झालं असतं.

तो एका पाईपच्या फॅक्टरीच्या गेटवर उभा होता. मी ट्रकच्या आड. गार्ड काही विचारायच्या आधी त्यानं स्वतःच पॅन्ट वर केली, गुडघ्यापर्यंत, अन् बोटांनी पायावर टकटक वाजवून दाखवलं. मग नाव सांगितलं, मग कागद काढले. गार्ड आत जाऊन आला, मान हलवली. तो पुढच्या गेटवर गेला. तिथंही आधी पॅन्ट वर. पोरी, असं करायले त्याले कोणी शिकवलं ते तुले सांगायची गरज नाही.

तिसऱ्या ठिकाणी ट्रक वजनाचा काटा आहे. काचेच्या खोलीत बसून काम. तिथल्या बाईनं खुर्ची दिली त्याले, कागद ठेवून घेतले, दसऱ्यानंतर या म्हणाली. हे हो आहे का नाही, मले समजत नाही. तुझ्या बाबानं रेल्वेत जन्म घालवला, त्याइले अशी बोली समजत असन. विचारून पाह्य.

त्याले मी अजून काही म्हटलं नाही. माझ्या तोंडातून सगळं निघते, 'माझं चुकलं' तेवढं एक निघत नाही. तरी हा कागद नलूच्या हाती गेला का त्याच दिवशी त्याले सांगीन, हर्षाले सगळं लिहून कळवलं म्हणून. तो भडकन. भडकू दे. तीन आठवड्यात मोठ्यानं बोलला नाही.

तू ये का नको येऊ, हे मी सांगणार नाही. तुझे बाबा म्हणतील, अजून दोन महिने राहा. त्याइच्या जागी मी असती तर सहा महिने म्हटलं असतं. पण आलात तर माहीत नसल्यासारखं करू नका. तो स्टेशनवर युनिफॉर्म घालून येईन. तिथंच, सामान खाली ठेवायच्या आधी सांगून टाका. इथं आम्ही दोघं नाटक करतो तेवढं पुरे, तुम्ही आले तर मंडळ होईन. अन् बाबाले म्हणजो, 'वा जावईबुवा, हिंमत आहे' असं काही बोलू नका. रागवायचं असन तर रागवा. टाळ्या मात्र नको.

दाराजवळचा स्टूल मी उचलून मागं धुण्याच्या ठिकाणी ठेवला आहे. चार दिवस झाले. पहिल्या दिवशी तो दारात येऊन थांबला, जागा पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल घालून देवाजवळ उभी होती, दिवा लावत. तो जोड्यासकट आत आला अन् खुर्चीवर बसला. फरशीवर मातीचे पाय उमटले. एक गहिरा, एक हलका. मी दोन्ही पुसले.

तुझी आजेसासू, घरात चपला घालून फिरणारी,
सत्यभामा