चाचांचे सहा पाने

२० सप्टें., शनि.
कुलकर्णी सरांची जुनी गाडी ढकलत शेडमध्ये घेतली. जुळे सोलापूरला बिल्डिंगखाली नऊ वर्षं उभी होती. त्यांच्या वडिलांची, इंग्लंडची. इंजिन जाम, हेड उघडावं लागेल. सर म्हणाले, "चाचांचाच हात लागू दे हं." मी शेजारीच उभा होतो.
चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन परवा झालं. मुलीकडे अक्कलकोटला आहेत. गॅरेज त्यांचं, सध्या माझ्यावर. फोनवर म्हणाले, "संतोष, पेटी साफ करके रख. हेडचे नट ढिले करून बघ. खंडेनवमीला येतो मी." त्या दिवशी हत्यारं तेच मांडतात, पूजा माझ्याकडून करून घेतात. त्यांचं मांडणं तीस वर्षांत चुकलं नाही म्हणे.

२१, रवि.
पेटी रिकामी केली. एकूण त्रेसष्ट नग. डिझेलने धुतले, पुसले. प्रत्येक पान्याचं तोंड व्हर्नियरने मोजून वहीत लिहिलं. सहा पान्यांवर खोटा आकडा. एकावर कोरलंय ५/१६ इंच, म्हणजे आठ एमेमच्या आत. तोंड पंधराच्या वर. बाकी पाचांचंही तसंच, आकडा लहान, तोंड मोठं. तीनदा मोजले.
नववीत शाळा सुटली, पण आकड्यातली चूक मला सोसत नाही. असे पाने पेटीत नकोत. कुणीतरी आकडा बघून उचलेल आणि नट खराब करेल.

२२, सोम.
घट बसले. भंगारवाले नरसय्या हातगाडी घेऊन आले. सहाही पाने दिले.
"लोखंड लई चांगलं हाय की रे. उस्तादाला इचारलंस का?"
म्हटलं, बिनकामाचे आहेत.

२५, गुरु.
हेडला अकरा नट. पंधराचा पाना बसत नाही, सोळाचा हलतो. जीपचे इंची पाने लावून पाहिले. ९/१६ बसत नाही, ५/८ ढिला. सोळाच्यावरच जोर दिला. सटकला. नटाचे दोन कोपरे गेले.
मग नट मोजला. पंधरा पूर्णांक दोन. हे माप कुठेतरी लिहिलंय असं वाटलं. वही उघडली. २१ तारीख, ५/१६ चा पाना, तोंड पंधरा पूर्णांक दोन. पुढे माझ्याच अक्षरात: आकडा खोटा, काढून टाकणे.
जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला.

२६, शुक्र.
सकाळीच नरसय्यांकडे. "माल गेला की. सोमवारीच टरक भरला." तरी शोधू दिलं. एक सापडला, हातगाडी सरकू नये म्हणून चाकाला ओट लावलेला. सगळ्यात मोठा. या नटांना नाही चालणार.
"तुमी साळंत गेलेली पोरं. मी अडाणी माणूस, तरी इचारलं व्हतं का न्हाय?"
व्हय म्हणालो.

२८, रवि.
चाचांचा फोन. "पेटी झाली?" झाली म्हणालो. एवढं खरं होतं.
"वो छे पाने अलग कपडे में बांध. अब्बाचे आहेत. सरच्या गाडीला तेच लागतील."
हो म्हणालो. हे खोटं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
चाचा आले. काळा चष्मा. लाल कापडावर एकेक हत्यार चाचपून मांडत होते. आल्या आल्या सांगायचं ठरवलं होतं, पण एकेक हत्यार त्यांच्या हातात देत राहिलो. उजव्या कडेला सहांची जागा सोडून त्यांनी हात पुढे केला. "दे."
एक दिला. मग सगळं सांगितलं. कोपरे गेलेला नटसुद्धा.
हातातला पाना त्यांनी बोटांनी चाचपला. मग हळू म्हणाले, "वो आकडा तोंडाचा नै रे. बोल्टच्या जाडीचा. जुन्या इंग्लिश पान्यांवर तसाच असतो." पाना कापडावर ठेवून, "मोजलास. नटाला लावून बघितलास?"
नाही.
"मला विचारलास?"
नाही.
पूजा झाली. पाच जागा मोकळ्या होत्या. तिथे झेंडू ठेवायला गेलो तर म्हणाले, "नक्को."

३, शुक्र.
काल दसरा, बंद. आज चाचांनी पंधराचा रिंग पाना आणि बारीक कानस दिली. "घास आतून. थोडं थोडं." मी व्हर्नियर घेतला. "ठेव ते. हर बार नटाला लावून बघ."
दुपारपर्यंत घासला. बसला. चाचांचा हात माझ्या मनगटावर, जोर माझा. दहा नट सुटले. अकरावा मी बिघडवलेला. पाना नुसता फिरतो. ठोकून काढावा तर नटाखालचा आट्यांचा दांडा, स्टड, तुटेल, आणि ब्लॉकमध्ये तुटला तर असा ब्लॉक आता कुठे मिळायचा?
संध्याकाळी सर डोकावले. "कुठवर आलं चाचा?"
"एक नट अडला सर. टाइम लगेगा."
माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं.

४, शनि.
नटावर सकाळपासून डिझेल सोडतोय. हलत नाही. चाचांना म्हटलं, सरांना मी सांगतो.
"क्या सांगतो?"
"नट मी घालवला. पानेही."
"सांग."
सरांना फोन लावून सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "सोमवारी येतो. तोवर गाडीला कुणी हात लावू नका."
चाचांनी पेटीला कुलूप घातलं. किल्ली रोज दाराजवळच्या खिळ्याला असते, सकाळी मीच उघडतो. आज खिळ्यापर्यंत हात नेला, थांबले, किल्ली खिशात टाकली.
विचारलं, सोमवारी किती वाजता येऊ?
"ये की," म्हणाले. वेळ सांगितली नाही.