विरामांचा राजा

३ सप्टेंबर १९५६
ग्रिम्सबीच्या बाजारात ओरडून मासे विकणारा पोर आज नाटकगृहाचा दिग्दर्शक झाला! हे गाव लहान, समुद्रकाठचं; रंगमंच मात्र ऐसपैस. मुख्य भूमिकाही माझीच. दारवान विल्फ म्हणाला, मागचे तीन दिग्दर्शक आमच्या चहाला नावं ठेवून पळाले, साहेब, तुम्ही तरी टिका. चहा खरोखर भिकार. मी दोन कप प्यायलो.

६ सप्टेंबर
तालमीत, दुसऱ्या अंकातल्या माझ्या मोठ्या विरामात, प्रॉम्प्टरच्या कोपऱ्यातून एका बाईनं मला वाक्य पुरवलं. मी डाफरलो, की विसरलो नव्हतो, थांबलो होतो! स्टेज मॅनेजर डिलिस म्हणाली, अहो, कोपरा रिकामा आहे, प्रॉम्प्टर सोमवारी यायचाय. मंडळी खिदळली, साहेबांचे कान भलतेच तिखट! मीही हसलो.
वाक्य या नाटकातलं नव्हतंच.

१० सप्टेंबर
ते वाक्य कुठलं, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. लीड्स, १९३१. भरल्या नाटकगृहात मी हेच वाक्य विसरलो. प्रॉम्प्टर बाईंनी ते पुरवलं, जरा मोठ्यानं, लोक हसले. मी मालकाला सांगितलं, तो माझा विराम होता, या बाईनं मोडला. बावीस वर्षांची नोकरी त्यांची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर. जाताना माझ्याकडे पाहून त्यांनी मान तेवढी हलवली. पुढे वर्तमानपत्रांनी मला विरामांचा राजा केलं. मी करू दिलं.

१२ सप्टेंबर
सगळे विराम काढून टाकले. डिलिस म्हणते, नाटक आहे की घोड्यांची शर्यत? पण श्वास तर घ्यावाच लागतो. तेवढ्या फटीत आवाज येतो— आता एकच वाक्य: सांग त्यांना.

१४ सप्टेंबर
आज कुजबुज नव्हती. माझ्याच तोंडून, माझ्या संवादात, त्या बाईंचा आवाज— कुणाच्या लक्षात आलं नाही. विल्फच्या आलं. तो नजर चुकवतो.

१५ सप्टेंबर, पहिला प्रयोग
मंडळींना रंगमंचावर बोलावून सगळं सांगितलं. खोटं बोललो, एका बाईंचं आयुष्य खाल्लं. कुणी हसलं नाही. डिलिसनं हळूच विचारलं, नाव काय त्यांचं?
मी तोंड उघडलं—
नाव नाही. पंचवीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आठवायचा प्रयत्नच—
रंगपटात बसलोय. आरशामागे कुणीतरी श्वास घेतंय. स्पष्ट ऐकू येतं. शब्द मात्र— घंटा झाली. बाई, एकदा पुरवा. एकच अक्षर. मी थांबलेलो नाही हो, खरंच विस—