गॅलरीचं छत काशीमिऱ्यात

६ जाने., मंगळ
राजवाड्याच्या गॅलरीचं छत सुटं करून इथे काशीमिऱ्याच्या गोदामात आणलंय. रंगवलेल्या फळ्या, वेलबुट्टी, सोन्याचा वर्ख. सगळ्यावर काजळी नि मागाहून कुणीतरी फासलेलं वॉर्निश. दिवसभर कापसाच्या बोळ्याने एका वीणावालीचा गाल साफ केला. गव्हाळ निघाला. मान अवघडली. बाहेर ट्रक चालूच.
बाबा ठीक. हल्ली रस्ता विसरतात, म्हणून बाहेरून कुलूप लावून येते. शेजारच्या जिग्नाबेनकडे किल्ली असते, दुपारी त्या जेवायला वाढतात. दुसरा इलाज नाही.

१५ जाने., गुरु
आमच्या कामाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, फेब्रु.त फळ्या राजवाड्यात परत चढवायच्या. "शेवटचे रंग तिथेच लावावे लागतील. रंगीत काचांतून ऊन येतं. इथे ट्यूबलाइटखाली जमवलेला लाल तिथे विटकरी दिसेल. तू हवीस." दोन महिने तिकडेच राहायचं. गॅलरी मी अजून फोटोतच पाहिलीय. "सांगते" म्हटलं. काय सांगणार.
नाशिकला दादाला फोन केला. "आम्ही दोघंही नोकरीला, तुला माहितीये. एखादं चांगलं होम बघू का?" रागाने ठेवला. पण माझ्याही मनात ते येऊन गेलं होतंच.

२१ जाने., बुध
जिग्नाबेन जिन्यात थांबल्या होत्या. "दीदी, अब मेरे से नहीं होगा. आप जाते हो ना, अंकल अंदर से दरवाजा पीटते रहते हैं. सुना नहीं जाता."
मला माहीत नव्हतं. बाबांचे तळहात पाहिले. लाल. विचारलं तर म्हणाले, "कुठे काय."

२२ जाने., गुरु
बाबांना गोदामात घेऊन गेले. ते खुर्चीत शांत बसले. मग, "हे छत खाली का घेतलंय?"
"साफ करायला. परत चढवायचंय."
"कोण चढवणार?"
"दुसरं कुणीतरी."
"का? तू काय करतेस?"
मी बोळा बदलला. थोड्या वेळाने बघते तर नखाने वर्ख खरवडतायत. मी ओरडले. बाबा एवढे दचकले की उठून दाराशी जाऊन उभे राहिले. मॅडमनी फळी उचलून पलीकडे ठेवली.

३० जाने., शुक्र
आठवडाभर रजा, घरीच. आज दादाला सरळ सांगितलं, मला जायचंय, दोन महिने त्यांना ने. म्हणाला, "हिच्याशी बोलतो." संध्याकाळी फोन आला, "रविवारी येतो. नंतरचं नंतर बघू." नंतरचं म्हणजे काय, विचारलं नाही. विचारलं असतं तर...
मॅडमना येते म्हणून कळवलं.

१ फेब्रु., रवि
बाबांची दाढी करून दिली, त्यांची बॅग भरली. इस्त्रीचा शर्ट घालून पलंगावर बसलेत.
"नाशिकला कशाला?"
"दादाकडे, हवापालट."
"तू येतेयस ना?"
माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.
दादा खाली गाडी लावतोय. बाबा उठत नाहीयेत. "तुझी बॅग कुठाय?" विचारतायत.