जुन्या रंगांचा एक वापरकर्ता

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण: नव्या एडिटरचं रंगकाम साहेबांनी माझ्याकडे दिलं. पुढेमागे लोक विचारतील हे सगळं कसं सुचलं, तेव्हा हाताशी असावं.
रंगकाम म्हणजे काय तेही लिहून ठेवतो. प्रोग्राम लिहिणारे ज्यात टाइप करतात तो आमचा एडिटर. टाइप होता होता त्यात भाषेचे ठरलेले शब्द निळे व्हायचे, अवतरणातला मजकूर हिरवा, आणि प्रोग्रामरने मध्येमध्ये स्वतःसाठी लिहिलेले शेरे करडे. चूक पटकन डोळ्यात भरते. बस, एवढंच.
साहेबांनी विचारलं, किती दिवस? म्हटलं, दोन आठवडे. मनात एकच धरला होता. साहेब म्हणाले, बघा बुवा, या वेळी तरी. ‘या वेळी तरी’चा अर्थ लागला नाही. लावायलाही गेलो नाही.
संकल्प: साडेपाचला उठणे. कंपायलरचं जाड पुस्तक रोज दहा पानं. टेस्टरबाईंवर चिडायचं नाही.

५ फेब्रुवारी
सव्वाआठला उठलो. पुस्तक सापडलं, मॉनिटरखाली होतं. काढलं तर मॉनिटर खाली जातो आणि मान अवघडते. तब्येत आधी. तसंही पुस्तक लागणार नाही. नियमांची यादी करायची: असा शब्द दिसला की निळा, असं चिन्ह दिसलं की हिरवा. अकरा नियमांत काम खलास.

७ फेब्रुवारी
टेस्टरबाई येऊन गेल्या. आमच्या चुका काढायचा त्यांना पगार मिळतो. बाई पगारापेक्षा जास्त काम करतात. ‘फॉर’ हा ठरलेला शब्द, म्हणून निळा. पण ‘फॉरमॅट’मधला ‘फॉर’पण निळा आणि ‘मॅट’ काळा. म्हणाल्या, अर्धी दाढी करून ऑफिसला आल्यासारखं दिसतंय. म्हटलं, सवय होईल लोकांना. म्हणाल्या, मला नाही होणार.
शब्द पूर्ण जुळला तरच रंग, असं केलं. नियम एकोणीस.

११ फेब्रुवारी
जेवताना बायकोला समजावून सांगितलं. ती छापखान्यात मुद्रितशोधक, शब्दांशी तिचा रोजचा संबंध. ऐकून घेतलं. मग म्हणाली, अहो, मराठीला असे रंग द्यायचे झाले तर ‘वर’ या शब्दाला कुठला देणार? म्हटलं, निळा. म्हणाली, कुठल्या ‘वर’ला? कपाटावरचा वर, देवाने दिलेला वर, की बोहल्यावरचा वर? म्हटलं, तिन्हींना निळा. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही नुसती अक्षरं बघता, वाक्य बघतच नाही.
भाजीत मीठ कमी होतं. तसं बोललो नाही.

१८ फेब्रुवारी
दोन आठवडे झाले. काम जवळजवळ झालंय.
कुणीतरी शेऱ्यात इंग्रजीत ‘डोन्ट’ लिहिलं. त्याच्या डोक्यावरचं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह बघून माझ्या नियमाला वाटलं अवतरण उघडलं. मग ते कधी मिटतंय याची वाट बघत बसला बिचारा. खाली चार हजार ओळी हिरव्यागार. म्हटलं, हिरवा डोळ्यांना थंड. टेस्टरबाईंनी तक्रारीत लिहिलं: थंड आहे, पण बंद करा.
नियम त्रेसष्ट.

२६ फेब्रुवारी
डेमो. एक अक्षर टाइप झालं की माझं रंगकाम अख्खी फाइल पुन्हा रंगवतं. लहान फाइलमध्ये कळत नाही. साहेबांनी सगळ्यात मोठी उघडली आणि त्यात स्वतःचं नाव टाइप केलं. मग आम्ही नऊ जण उभे राहून ते उमटायची वाट बघत होतो. मधेच साहेबांना फोन आला, तो घेऊन झाला, आणि मग आडनाव आलं.
नाचता येईना अंगण वाकडं, असं साहेब म्हणाले. मला काही वाटलं नाही. ते मशीन जुनंच आहे.

२७ फेब्रुवारी
उपाय: स्क्रीनवर दिसतं तेवढंच रंगवायचं. कसं सुचलं नाही आधी!
दुपारी टेस्टरबाई. शेरा स्क्रीनच्या वर सुरू झालेला असेल तर खाली आलेल्याला कसं कळणार की आपण शेऱ्यातच आहोत? म्हणाल्या, मधल्या भागात सिनेमाला शिरलेल्या माणसासारखी गत आहे तुमच्या प्रोग्रामची. चिडलो नाही. जिन्यात जाऊन आलो.

४ मार्च
जमलं. प्रत्येक ओळ संपताना नोंद करायची: आत्ता आपण शेऱ्यात, अवतरणात, की मोकळे? एखादी ओळ बदलली तर तिथून खाली रंगवत जायचं, आणि नवी नोंद जुन्या नोंदीशी जुळली की थांबायचं. पुढचं सगळं जसंच्या तसं. अक्षर लगेच उमटतं. हे खरंच चांगलं आहे. टेस्टरबाईंनीसुद्धा चूक काढली नाही.
आनंद व्हायला हवा होता. चहा घेतला.

१२ मार्च
नियम दोनशे चौदा. वेबपेजच्या फाइलमध्ये एका भाषेच्या पोटात दुसरी आणि तिच्या पोटात तिसरी निघते. आत गेलेला नियम बाहेर यायचं विसरतो. एक दुरुस्त केला की दोन बिघडतात. बाकी प्रगती उत्तम.
समोरच्या टेबलावर गेल्या आठवड्यात नवीन इंजिनिअर आली आहे. दोन मुलांची आई, डबा खाता खाता काम करते. मी तिला मनात झाडवाली म्हणतो, कारण सारखं झाड झाड करते. म्हणे आधी अख्ख्या प्रोग्रामचं झाड करायचं: काय कशाच्या आत आहे, कुठली फांदी कुठून फुटली. मग ज्याची जी जागा त्याला तो रंग. बदल झाला की तेवढीच फांदी नव्याने. शाळेत वाक्याचं पृथक्करण करायचो ना सर, तसं, म्हणाली.
बायकोपण हेच म्हणाली होती. दोघी कुठे भेटल्या असतील?

१७ मार्च
मीटिंग. झाडवालीने नऊ दिवसांत केलेलं दाखवलं. ‘डोन्ट’ला फसलं नाही. तिन्ही भाषा आपापल्या रंगात. अर्धवट टाइप केलेल्या ओळीवरही कोलमडलं नाही. नऊ दिवस. मी पाण्याची बाटली उघडली आणि परत लावली.
साहेबांचा निर्णय: सगळ्यांना तिचं रंगकाम. माझं सेटिंगमध्ये राहील, ज्याला हवं तो निवडेल. नाव मी सुचवलं: क्लासिक. त्या घडीला किती जणांनी ते लावून ठेवलंय त्याचा रिपोर्ट रोज सकाळी सगळ्यांना येणार. एप्रिलअखेर आकडा शून्य असला तर क्लासिक काढून टाकायचं. मग मला सर्व्हरच्या लॉगवर, म्हणजे मशीनच्या नोंदी चाळायला, बसवतील, असं टेस्टरबाईंकडून कळलं. त्या हळू आवाजात बोलल्या. त्यांना हळू बोलता येतं हे माहीत नव्हतं.
सतरा वर्षांत लोक माझं असं काहीतरी वापरतील, ही पहिलीच वेळ. आकडा शून्य कसा होईल?

२४ मार्च
एकेचाळीस! साहेबांच्या टेबलावरून दोनदा चक्कर मारली.

३१ मार्च
नऊ. गर्दी कमी झाली. रसिक उरले.

७ एप्रिल
एक.

८ एप्रिल
एक. कालचाच असणार. ऑफिसची मशीन यात मोजत नसणार, एवढी अक्कल असतेच. म्हणजे बाहेर कुठेतरी एक माणूस आहे. चाळीस गेले, हा राहिला.

१२ एप्रिल, शनिवार
सुट्टी असून ऑफिसला. माझ्या फाइलमध्ये ब्रॅकेटनंतरचा निळा एक घर पुढे सरकत होता. मला फारसा त्रास नाही, पण त्याला होत असेल. चार तास लागले. दुरुस्त.
बायकोने फोनवर विचारलं, कुणासाठी एवढं? म्हटलं, आहे एक जण.

१५ एप्रिल
एक. त्याच्याबद्दल विचार करतो. वयाने थोर असावा. शांत. नवीन आलं की उड्या मारणारा नव्हे. त्याच्या टेबलावर पसारा नसणार. साडेपाचला उठत असणार.
त्यालाही घरी कुणी फार काही विचारत नसेल.

१९ एप्रिल, शनिवार
नव्या आवृत्तीसोबत बदलांची यादी जाते. तिच्यात शेवटी एक ओळ घातली: क्लासिक वापरणाऱ्यांचे मनःपूर्वक आभार. टेस्टरबाईंनी ‘वापरणाऱ्यांचे’चं ‘वापरणाऱ्याचे’ केलं. म्हणाल्या, अनुस्वार जास्तीचा आहे.

२४ एप्रिल
एक. सकाळी नऊला रिपोर्ट उघडतो तेव्हा बरं वाटतं. बरेच दिवसांनी असं काही वाटतंय. फेब्रुवारीत, मार्चमध्ये, त्याच्याही आधी, नुसतं ऑफिसला जाऊन येत होतो. हे इथे लिहायला हरकत नाही.

२८ एप्रिल
एक. दोन दिवस काढायचे. टिकेल तो. माझा विश्वास आहे.

२९ एप्रिल, सकाळी दहा
रिपोर्टमध्ये एक. त्याला बघून कामाला लागलो आणि घोळ. सर्वात मोठ्या गिऱ्हाइकाचा प्रोग्राम चालेना. कुठेतरी एक ब्रॅकेट मिटलेला नाही. साडेसहा हजार ओळी, साहेब पाठीमागे उभे. क्लासिकमध्ये अर्धी फाइल हिरवी दिसत होती. पाऊण तास शोधलं. झाडवाली म्हणाली, सर, माझं लावून बघता का? साहेबांचा श्वास ऐकू येत होता.
लावलं. फक्त आजच्यापुरतं. चौथ्या मिनिटाला सापडला.

२९ एप्रिल, संध्याकाळी
दिवसभर तेच लावलेलं राहिलं. वाईट नाही. डोळे दुखले नाहीत.

३० एप्रिल
शून्य.
नऊ वाजून दोन मिनिटांनी पाहिलं. रिपोर्ट पुन्हा मागवला. शून्य. आदल्या दिवशी पळाला! एवढं केलं त्याच्यासाठी, दोन शनिवार घातले. माणसं अशीच. झाडवालीचे रंग बघितले असतील आणि घसरला असेल.
टेस्टरबाईंकडे गेलो. म्हटलं, चूक असेल रिपोर्टात. ऑफिसची मशीन मोजत नाहीत ना? त्या म्हणाल्या, मोजतात की. सगळीच मोजतात. मग माझ्याकडे बघितलं आणि खुर्ची पुढे सरकवली, सर बसा म्हणाल्या. एरवी त्या उठायला लावतात.
बसलो.
साहेब म्हणाले, तुमचं तुम्हीच काढा, दुसऱ्या कुणाला कळायचं नाही ते. तीन हजार आठशे सोळा ओळी. सगळ्या निवडल्या, डिलीट दाबलं. नक्की का, असं विचारलं. हो. झाडवालीच्या रंगात बघून काढल्या. पहिल्यांदाच सगळ्या नीट दिसल्या. चारच्या सुमाराला लॉगच्या टेबलावर सामान हलवलं.
घरी आलो. रडू येत होतं, आलं नाही. बायकोने तोंड बघून विचारलं, अहो, काय झालं? म्हटलं, ओळखीचा एक माणूस गेला. ती म्हणाली, अगंबाई! कोण हो? आणि वय काय होतं?
म्हटलं, माझ्याच वयाचा होता.