अकराचा फोटो

४ फेब्रुवारी

आज नव्या घरी रुजू झाले. हे माझं बारावं घर. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईला घर कसं आहे ते दारातल्या वासावरूनच कळतं. इथे साबणाचा वास होता, औषधांचा नव्हता. बरं वाटलं. तिसरा मजला, लिफ्ट चालू, न्हाणीघरात धरायला दांडा, पलंग डोक्याकडून वर-खाली होणारा. ऊन सकाळी थेट पलंगाच्या पायथ्याशी येतं. आणि माझ्या खोलीला आतून कडी आहे. मागच्या घरी तीही नव्हती.

ज्यांच्यासाठी आले ते आबा. वय एक्याऐंशी. मांडीचं हाड मोडून दोन महिने पडून आहेत, पण जीभ शाबूत. माझी ट्रंक बघून विचारलं की बाई राहायला आल्यात की घर बळकावायला. मी म्हटलं, आधी तुमची दाढी करते, मग ठरवते. पोट धरून हसले, आणि हसता हसता हाड दुखलं म्हणून मलाच रागावले. आमचं जमणार.

त्यांची मुलगी, म्हणजे ताई, आजच विमानाने परत गेल्या. दादा तर त्याहून लांबच्या देशात. निघताना ताईंचा पाय उंबऱ्यातून हलेना. म्हणाल्या की आबांचं जरा जरी कमीजास्त वाटलं तरी कळवा, दुसऱ्या दिवशी मी दारात असेन. नुसतं तोंडदेखलं बोलणारी मुलं मी ढिगाने पाहिलीत. या तशा नाहीत.

नियम एकच. रोज सकाळी अकराला आबांचा फोटो काढायचा. दादांनी पलंगाच्या पायथ्याशी स्टँडवर एक फोन कायमचा बसवून ठेवलाय. पाठवायचं बटण दाबलं की फोटो ताईंना, दादांना आणि डॉक्टरांना एकदमच जातो. ग्रुपमध्ये माझाही नंबर घातलाय.

मला इथे पाठवणाऱ्या संस्थेने ही नोंदवही दिली आहे. तिथल्या बाई नेहमी टोचतात की ताप, जेवण, शी-शू एवढंच लिहा, कादंबरी नको. पण मोकळं लिहिल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटतच नाही.

५ फेब्रुवारी

आबांना रात्री खोकल्याने झोप दिली नाही. अकरा वाजता चेहरा अगदी उतरलेला, डोळ्यांखाली काळं. फोटो काढला. हा बघून ताई तिकडे दिवसभर रडतील, आणि होतं काय, साधा खोकला. फोनवर खाली एक बटण होतं, फोटो सुधारा. दाबलं. काळं गेलं, गालांवर जरा रंग आला. पाठवून दिला.

ताईंनी लगेच तोंडभरून कौतुक केलं. दादा म्हणाले, मावशी, तुमच्या हाताला यश आहे. खरं सांगायचं तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढं गोड खोटं कुणाला बाधतं!

आबांना सांगितलं तर हसले नाहीत. ते एकेचाळीस वर्षं एका स्टुडिओत हेच काम करायचे, निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून सुरकुत्या, डाग घालवायचे. पण त्यांच्या मालकाचा एक दंडक होता म्हणे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच निगेटिव्हच्या पाकिटावर त्याच्या कायमच्या खुणा लिहून ठेवायच्या. नाहीतर पेन्सिल फिरवता फिरवता हाताला भान राहत नाही, खूणही जाते आणि आई आपल्या लेकाला ओळखत नाही. आबा म्हणाले, बाई, आधी माणूस बघायचा, फोटो मागून.

त्यांना बरं वाटावं म्हणून मीही लिहून ठेवते. डावी पापणी उतरलेली. उजव्या नाकपुडीजवळ मस. हनुवटीखाली जुना व्रण. आता तरी खूश व्हा, आबा.

९ फेब्रुवारी

जेवण फारच कमी झालंय. चार चमचे सूप, तेही मिनतवारीने. मी मनगटावरून अंदाज घेते. आले त्या दिवशी माझा अंगठा आणि मधलं बोट त्यांच्या मनगटाभोवती जेमतेम टेकत होतं. आज बोट अंगठ्यावर पेरभर चढलं.

ताईंना फोन केला आणि सरळ सांगितलं की आबा वाळत चाललेत. त्या म्हणाल्या, असं कसं, आजच्या फोटोत तर गाल भरलेत. मी फोटो उघडून बघितला. खरंच भरलेले होते.

सुधारा बटणाला मी पाच तारखेनंतर हातही लावलेला नाही.

११ फेब्रुवारी

फोनच्या सगळ्या सेटिंग्ज शोधून बंद केल्या. काही उपयोग नाही. फोटो आपोआप गोरागोमटा होऊन जातो.

कमरेला जखम झाली आहे, पडून पडून होते ती. दोन दिवसांत रुपयाएवढी. डॉक्टर प्रत्यक्ष येत नाहीत, फोटो मागवतात. पाठवला. म्हणाले की कातडी छान गुलाबी दिसतेय, भरून आलीय, मलमसुद्धा बंद करा. मी फोन कानाला धरून त्याच जखमेकडे बघत होते. तळाशी पांढरं दिसत होतं. बारा घरं केलीत मी, पांढरं काय असतं ते मला कळतं.

माझीच चूक. पहिलं बटण मी दाबलं.

१३ फेब्रुवारी

समोरच्या काकू फुलं घेऊन आल्या. ताई त्यांनाही रोजचा फोटो पाठवतात. त्या मोबाईल बघतच आत शिरल्या आणि पलंगाशी उभं राहून आबांना म्हणाल्या की आता फिरायला निघा की. आबांचं तोंड उघडं होतं, छाती घरघरत होती. त्यांच्या ओठांवर माशी बसली होती.

मी चादर बाजूला केली, कुशीवर वळवून जखम दाखवली. काकूंनी विचारलं, कुठे? मी जखमेच्या कडेला बोट टेकवलं. त्यांनी वाकून नीट बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. फार मायेने विचारलं की मावशी, तुमची झोप होते ना पुरेशी?

त्या गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. नळ सोडून, आबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

१५ फेब्रुवारी

अँब्युलन्स बोलावली. कुणाला न विचारता. नोकरी गेली तर गेली.

दोघं आले. एकाने स्टँडवरच्या फोनवर अकराचा फोटो बघितला, दुसऱ्याला दाखवला. मग नाडी धरली, छाती ऐकली, कागदावर सगळं ठीक असं लिहिलं आणि मलाच झापलं की राईचा पर्वत करता, खरे आजारी तिकडे खोळंबलेत. त्यांच्यापैकी एकाच्या बाहीला आबांच्या जखमेचं पाणी लागलं होतं. त्यालाही ते दिसलं नाही.

माझ्या फोनवरून ताईंना व्हिडिओ लावला, आबांच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर गुटगुटीत आबा. ताई हसत होत्या, आबा आबा म्हणून हाक मारत होत्या. पडद्यावरच्या आबांनी हात हलवला. माझ्यासमोरच्या आबांचा हात चादरीवर पडलेला होता.

एकटीने उचलून तरी कुठे नेऊ? आणि नेलं तरी बघणारे डोळे तेच.

१६ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिते.

फोटो काढल्यावर मी तो फोनवर बराच वेळ बघत बसले. कुठे काय बदलतं ते शोधायचं होतं. मग आबांकडे वळले तर आबा छान. गाल वर आलेले, डोळे टपोरे. सूप मागितलं. मी भरवलं, अख्खी वाटी संपवली. मी त्यांच्या केसांवरून हात फिरवत गाणंसुद्धा गुणगुणले. इतकं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं!

मग फोनचा पडदा विझला.

सूप उशीवर, मानेत, कानात. नाकातून बुडबुडे. ओठ निळे. मी त्यांना पालथं केलं, पाठीवर थापटलं, कसाबसा श्वास परत आला. पडदा विझेपर्यंत मी त्यांच्या घशात सूप ओततच होते. त्यांची बोटं माझ्या पदराला पीळ घालून बसली होती, मला थांबवायला. आणि मी गात होते.

दुपारी त्यांनी दोनच शब्द काढले. पाकिटावर लिहा.

कळलं, आबा. यापुढे अकराच्या आधी लिहायचं. फोटोनंतरच्या माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही.

१७ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

मनगटावर बोट दोन पेरं चढतं. जखम तळहाताएवढी. पापणी उतरलेली, मस जागेवर, व्रण जागेवर. हे आबा आहेत.

स्टँडवरचा फोन बंद केला. टॉवेलात गुंडाळून कपाटात टाकला, कुलूप लावलं. आज फोटो नाही. फोटो नाही म्हटल्यावर ताई घाबरतील. घाबरू देत. घाबरल्या तर येतील.

११.०५

माझा मोबाईल वाजला. ग्रुपवर फोटो आलाय. आबा पलंगावर उठून बसलेत, दोन्ही पाय खाली सोडून. पापणी सरळ. मस नाही. हनुवटी गुळगुळीत.

हा कोण आहे?

ताईंनी लिहिलंय, आबांना असं बसलेलं बघून जीव भांड्यात पडला. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आहे.

१८ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

श्वास मध्ये मध्ये थांबतो. मोजले, बारापर्यंत. मग परत सुरू.

सगळं सांगितलं ताईंना, बोलून, फोटोशिवाय. फोटोतला मस कुठे गेला ते विचारलं. आबांना मस कधी होता, म्हणाल्या. स्वतःच्या बापाचा मस! थकलात तुम्ही, म्हणाल्या, संस्थेला सांगून बदली बाई बघते.

म्हणून या वहीचं पान पाठवायचं ठरवलं. अक्षर तरी बदलणार नाही. पण पाठवायचं म्हणजे फोटोच काढावा लागतो —

काढला. पाठवला. मग बघितला.

माझं गिचमिड अक्षर सरळ, मोत्यासारखं. खाडाखोड नाही. सबंध पानभर — आबा छान आहेत. आबा छान आहेत. आबा छान

वहीत तसं नाही. बघितलं. तीनदा बघितलं. अजून तरी नाही.

१८ फेब्रुवारी, दुपारी

कान बंद करता येत नाहीत म्हणून ऐकतेय. घरघर. थांबते. घरघर.

त्यांनी डोळे उघडले. ताई आली का, विचारलं. मी म्हटलं, वाटेत आहे.

पुन्हा खोटं. पण याचा फोटो नाही, याने कुणाचं काय —

१९ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

गेले.

दहा वाजून बाविसाव्या मिनिटाला. माझ्या हातात हात होता. मनगट काडीएवढं. श्वास नाही, नाडी नाही, आरसा धरला, वाफ नाही. डोळे मी मिटले. डावी पापणी उतरलेली. उजव्या नाकपुडीजवळ मस. हनुवटीखाली जुना व्रण. आबाच ते. आबा गेले.

अकराला अजून वीस मिनिटं. माझा मोबाईल खिडकीतून खाली फेकला. कपाटाला अजून कुलूप —

आतून प्रकाश येतोय. फटीतून.

यानंतर या वहीत मी काहीही लिहिलं तरी खरं हे वरचंच. जो कुणी वाचेल त्याने वरचं खरं धरावं. ताई, तुम्ही वाचाल तर — शेवटी तुमचंच नाव घेत होते. मी बघणार नाही. भिंतीकडे तोंड करून बसते. डोळे घट्ट —

१९ फेब्रुवारी, ११.१५

आज फार छान दिवस आहे. आबा उठून बसलेत. स्टँडवर फोन आहे, मीच ठेवला असेन. आजच्या फोटोत त्यांच्याशेजारी मीही आहे, किती तजेलदार दिसतेय! ताईंचा निरोप आलाय. मावशी, आता काळजीच मिटली, येण्याची घाई करत नाही, पुढच्या वर्षी निवांत येते.

आबांना भूक लागली आहे. सूप आणते.

वर, याच पानावर, कुणीतरी फार अभद्र लिहून ठेवलंय. अक्षर माझ्यासारखं आहे. ताईंच्या हाती पडलं तर त्यांना काय वाटेल! आबाही मान हलवताहेत. आधी तेवढं खोडून टाक —