नेम बाबांचा चुकत नव्हता

बिलिंग्ज, १४ मार्च

प्रिय बाबा,

एल्डन तुमची रायफल विकायला माझ्या बंदुकांच्या दुकानात घेऊन आला, म्हणून हे पत्र. म्हणाला, "ताई, बाबांना आता कायोटी कोल्हा आणि बादली यांतला फरक कळत नाही. सगळ्या गोळ्या मातीत जातात."

मी म्हटलं, "आधी मी गोळ्या झाडून बघते, मग त्यांच्या डोळ्यांना दोष दे." पन्नास यार्डांवर माझ्याही चारही गोळ्या हातभर खाली गेल्या.

दोष नेम धरायच्या पुढच्या खुणेचा आहे. ती नळीवरच्या बुटक्या ठोकळ्यासाठी बनवलेली, म्हणून उंच आहे. कुणीतरी ती हाताने धरायच्या भागावरच्या खाचांच्या पट्टीवर बसवली. ती पट्टी मुळातच वर असते. खूण पार खाली फिरवली तरी गोळी खालीच जाते. "ही कुणी बसवली?" विचारलं, तर एल्डन छताकडे बघत म्हणाला, "मला काय ठाऊक!"

नाताळात रायफल घरातून कोण घेऊन गेलं होतं? तुमची नजर गेली असं सांगून एल्डनने कुरण विकायच्या कागदावर तुमची सही मागितली आहे का? मागितली तर चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि सही करू नका.

गुडघा कसा आहे? कोकरं किती झाली?

योग्य उंचीची खूण बसवून दिली आहे. आता गोळी मध्यावर लागते.

आज तुमच्या शेजारच्या ऑपलबाईंच्या हाती दिलं: रायफल एक, काढलेली उंच खूण एक, खूण बदलण्याआधीच्या माझ्या चार गोळ्यांचा निशाण्याचा कागद एक. एल्डनच्या हाती काहीही दिलेलं नाही.

तुमची,
लूएला