सहावी कडी

क्लीव्हलंड,
सोमवार, १२ मार्च १९८४

प्रिय लुडविक,

तुझा गुडघा कसा आहे? ज्युलियाला माझी आठवण सांग. इथे सरोवरावर अजून बर्फ आहे. काल मी आईच्या पद्धतीने अक्रोडाचा गोड पाव, आपली पोतिका, भाजली. एक तुझ्यासाठी ठेवली आहे.

आपला भाऊ सिरिल शनिवारी कॅलिफोर्नियात वारला. तुला टीव्हीवरून कळलंच असेल. फोन मुद्दाम केला नाही. त्याचं नाव निघालं की तू रिसीव्हर ठेवतोस. पत्र मात्र तू शेवटपर्यंत वाचतोस.

काल वर्तमानपत्राच्या माणसाचा फोन आला. मृत्युलेखासाठी घरची माहिती तपासत होता. "सिड कॅरल व्हायोलिन शिकवणाऱ्याचे चिरंजीव, वडील युद्धात गेले. बरोबर ना, बाई?"

मी म्हटलं, "चूक. लिहून घ्या. सिड कॅरल हे टीव्हीचं नाव, खरं नाव सिरिल होचेवार. वडील आंटोन होचेवार, तारेच्या कारखान्यात एकतीस वर्षं. वारले ते बासष्ट साली, आपल्या बिछान्यात."

"मग ते व्हायोलिन कुठून आलं?"

"माझ्याकडून."

ते रविवारी छापून येईल. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं.

एक्कावन्न साली सिरिलला टीव्हीचं पहिलं काम मिळालं, तेव्हा कंपनीने प्रसिद्धीसाठी चार पानी अर्ज पाठवला होता. जन्म, आईवडील, व्यवसाय. तो अकॉर्डियन घेऊन गावोगाव फिरत होता. फोनवर म्हणाला, "अल्बिना, तुझं अक्षर चांगलं आहे, भरून टाक ना." मी वीस वर्षांची होते. अध्यापक महाविद्यालयातल्या मैत्रिणींचे वडील डॉक्टर, वकील. बाबांच्या हातांवर तारेचे व्रण. मी व्हायोलिन लिहिलं. कुणी त्यांना भेटायचं म्हणू नये म्हणून कागदावर युद्धात मारूनही टाकलं.

मासिकात ते जसंच्या तसं आलं. न्हाव्याने दुकानात बाबांना वाचून दाखवलं. घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "अल्बिना, मी मेलो म्हणे. जेवायला काय आहे?"

मी त्यांना वाढलं.

तू त्याच दिवशी सिरिलला लिहिलंस, जिवंत बापाला मारणारा माझा भाऊ नाही. त्याने मला फोन केला. मी रडत होते. तो म्हणाला, "गप्प बस. लुडविकचं ओरडणं मी लांबून ऐकेन. तुला त्याच टेबलावर जेवायचं आहे. मी सुधारायला गेलो तर कुणी लिहिलं ते निघेल." मग तेहतीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत त्याने माझं खोटं सांगितलं, हसत.

बाबांच्या अंत्यविधीला तू त्याला शवपेटीची कडी धरू दिली नाहीस. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकापाशी उभा होता. मी तुझ्या शेजारी होते आणि गप्प राहिले. अर्जातल्या खोट्यापेक्षा ते मोठं, असं मला आता वाटतं.

माझ्यावर हवा तेवढा राग धर. तो माझाच आहे, इतकी वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात होता.

सिरिलला बाबांच्या शेजारी जागा घेतली आहे. दगडावर होचेवार हेच नाव कोरायला सांगितलंय. त्याच्या टीव्हीवाल्यांनी कुरकुर केली, "बाई, लोकांना ओळखू कसं येणार?" मी म्हटलं, "ज्यांना यायचंय ते विचारत येतील."

विधी पुढच्या सोमवारी, एकोणीस तारखेला सकाळी दहा वाजता, आपल्याच चर्चमध्ये. पेटीला सहा कड्या असतात. पाच माणसं ठरली आहेत. अंत्यविधीवाला सहावं नाव मागत होता. मी तुझं दिलं. "आणि ते आले नाहीत तर?" म्हणाला. मी सांगितलं, मग मी धरीन. बायका धरत नाहीत, असं तो पुटपुटला. मी त्याला शाळेत गणित शिकवलं आहे; त्याने नाव लिहून घेतलं.

पेटी जड आहे, लुडविक. मला उचलवेल. पण जागा तुझी आहे.

तारेच्या कारखान्यातल्या आंटोन होचेवारची मुलगी,
अल्बिना